कुत्रा कोणाचा?

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील गावे बहुतेक वाड्यांची मिळून झालेली असतात. एक वाडी ओढ्याकाठी, दुसरी टेपावर, तिसरी डोंगराच्या अगदी कुशीत. तळीये हे असेच एक गाव. २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून त्याची एक वाडी माणसांसकट गाडली गेली, ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि तालुक्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसलेले हे नाव देशभर पोचले. आमच्या लेखाचा विषय ती दुर्घटना नाही. तळीयेसारख्या गावातल्या कोणत्याही वाडीत, अंगणात पहुडलेल्या एखाद्या कुत्र्याकडे बोट दाखवून ‘हा कोणाचा?’ असे विचारले तर जे उत्तर बहुधा मिळते, तिथून आम्हाला सुरुवात करायची आहे. उत्तर मिळते, ‘वाडीचा.’

हे उत्तर उडवाउडवीचे नसते. तो कुत्रा सकाळी एका घरची शिळी भाकरी खातो, दुपारी दुसऱ्या घराच्या पडवीत झोपतो आणि संध्याकाळी तिसऱ्याच्या गुरांमागून रानातून परत येतो. रात्री रानडुक्कर शेतात उतरले किंवा बिबट्या गोठ्याच्या आसपास फिरकला, तर भुंकून सगळ्या वाडीला उठवतो. त्याला नाव असते, पण गळ्यात पट्टा नसतो, आणि त्याच्यासाठी कोणी कधी पैसे मोजलेले नसतात. तो कोणाला चावेपर्यंत हे सारे ठीक चालते. शाळेच्या वाटेवर एखाद्या मुलीची पोटरी त्याने फोडली, की तोच प्रश्न वेगळ्या सुरात विचारला जातो. आता उत्तर येते, ‘कोणाचाच नाही.’

(गंमत अशी, की याच महाड तालुक्यातला सर्वांत प्रसिद्ध कुत्रा, म्हणजे रायगडावरचा वाघ्या, एका धन्याचा कुत्रा म्हणूनच प्रसिद्ध आहे. त्या कथेला पुरावा कितपत आहे यावर वाद आहे, आणि २०१२ साली तो वाद पुतळा हलवण्यापर्यंत व पुन्हा बसवण्यापर्यंत गेला होता. तो आपण इतिहासकारांवर सोडू.)

कायद्याला मात्र या दोन उत्तरांपैकी कोणतेच पचत नाही. दंड करायचा तर माणूस हवा. मालक असला तर मालकाला शिक्षा, नसला तर कुत्र्याला, अशी सोपी वाटणी आपल्याकडे सुमारे दोनशे वर्षे चालत आली. तिच्यातून काय निष्पन्न झाले ते पाहू.

आधी सूचना, मग दंड

चावऱ्या कुत्र्याविषयीचा कायदा फार जुना आहे. आजच्या इराकमध्ये एश्नुन्ना नावाचे एक राज्य होते. त्याच्या कायद्याच्या मातीच्या विटा बगदादजवळच्या एका टेकाडात १९४०च्या दशकात सापडल्या. त्या सुमारे ३८०० वर्षांपूर्वीच्या आहेत. त्यातले एक कलम असे सांगते की, कुत्रा हिंस्र आहे हे पेठेच्या अधिकाऱ्यांनी मालकाच्या कानावर घातलेले असेल, तरीही त्याने कुत्रा आवरला नाही, आणि तो चावून माणूस मेला, तर मालकाने चाळीस शेकेल चांदी भरावी. मेलेला माणूस गुलाम असेल तर पंधरा शेकेल. माणसामाणसांतला फरक त्या काळीही असा रोकडा मोजलेला आहे. या कलमाच्या आगेमागे मारक्या बैलाचे आणि कलत्या भिंतीचे कलम आहे. तिन्हींचे तर्कशास्त्र एकच: धोका दिसत होता का, मालकाला तसे सांगितले होते का, आणि सांगूनही त्याने काही केले नाही का?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही याच्या जवळ जाणारा नियम आहे. शिंगाचे किंवा दाढांचे जनावर माणसाला इजा करीत असताना मालकाने त्याला सोडवले नाही तर ‘पूर्वसाहस’ नावाचा दंड. आणि त्या माणसाने ओरडून मदत मागितली असूनही सोडवले नाही तर दुप्पट. येथेही मालकाला किती ठाऊक होते, यावर शिक्षा ठरते.

पारशी समाजाचा वेंदिदाद हा ग्रंथ या बाबतीत विशेष वाचनीय आहे. त्याच्या तेराव्या प्रकरणात कुत्र्याला इजा करणाऱ्यासाठी कडक शिक्षा सांगितल्या आहेत. पण त्याच प्रकरणात असेही आहे, की न भुंकता चावणारा, म्हणजे पिसाळलेला कुत्रा घरात असेल तर त्याच्या गळ्यात लाकडी खोडा अडकवावा आणि तोंडाला मुसके बांधावे. कुत्र्याविषयी आदर आणि कुत्र्याच्या तोंडाला मुसके या दोन गोष्टी त्या ग्रंथाला परस्परविरोधी वाटत नाहीत. मळणीच्या वेळी बैलाला मुसके बांधणाऱ्या आपल्या शेतकऱ्यालाही त्यात काही वावगे वाटू नये.

हे सगळे नियम मालक आहे असे धरून चालतात. मालकच नसलेल्या कुत्र्याचे काय करायचे, हा प्रश्न आपल्या भागात राज्यकर्त्यांपुढे आला तो मुंबईत, आणि तिथे त्याने दंगल घडवली.

आठ आणे दर कुत्र्यामागे

१८१३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने एक नियम केला. त्याप्रमाणे एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या काळात शहरात मोकाट सापडणारी कुत्री मारता येत. हेच महिने का? कारण कुत्री उन्हाने पिसाळतात, असा त्या काळी युरोपात आणि आपल्याकडेही समज होता. मुंबईत उकाडा दोनदा वाढतो, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा पावसाळा सरल्यावर. म्हणून कुत्री मारण्याचे हंगामही दोन. रेबीज पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून पसरतो हे जर्मनीत झिंके या वैद्याने १८०४ सालीच प्रयोगाने दाखवले होते. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत तर पिसाळलेल्या जनावराच्या दंशाचे आणि ‘जलत्रासाचे’ वर्णन त्याहून कितीतरी आधीचे आहे. उन्हाळ्याचा संबंध मात्र कोणी तपासून पाहिला नव्हता. रेबीज बाराही महिने होतो.

दर मेलेल्या कुत्र्यामागे आठ आणे मिळत. बक्षीस लावले की काय होते, ते शिक्षकांना वेगळे सांगायला नको. लांब रानात किंवा उकिरड्यावर फिरणारे, माणसाला बुजणारे कुत्रे पकडणे कठीण. ओट्यावर झोपलेले, बोलावले तर शेपूट हलवीत येणारे पकडणे सोपे. आठ आणे दोघांचेही सारखेच. पकडणारे घरांतून आणि दारांतून कुत्री ओढून नेतात, अशा तक्रारी होऊ लागल्या. (बक्षिसाचा असाच प्रयोग पुढे कोकणात फुरशांवर झाला. रत्नागिरी जिल्ह्यात १८६२ साली इनाम वाढवल्यावर थोड्याच दिवसांत लाखाहून अधिक फुरशी सरकारदरबारी जमा झाली. फुरशी कोकणात अजून आहेत.)

१८३२ साली मारण्याची मुदत वाढवून १५ जूनपर्यंत नेली. ६ जूनला कुत्री पकडणाऱ्यांना कोट भागात लोकांनी अडवले. त्यांत बहुसंख्य पारशी होते, आणि तो दिवस त्यांच्या धर्मात पवित्र होता. पारशांत मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवण्याचा ‘सगदीद’ नावाचा विधी आहे. ‘सग’ म्हणजे कुत्रा आणि ‘दीद’ म्हणजे पाहणे. डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, म्हणजे ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा त्यासाठी उत्तम समजतात. तेव्हा ज्याला सरकार मोकाट म्हणत होते ते जनावर त्या मोहल्ल्याच्या दृष्टीने बेवारशी नव्हते. त्याला काम होते. त्या दिवशी दोन पोलिसांना मार बसला.

दुसऱ्या दिवशी, ७ जूनला, बाजार बंद राहिला. हिंदू, जैन आणि मुसलमानही त्यात सामील झाले. कुलाब्याच्या छावणीत जाणारा रसद-पाण्याचा पुरवठा जमावाने अडवला. सरकारने दंगलीचा कायदा वाचून दाखवला, लष्कर बोलावले, धरपकड झाली, काहींना शिक्षा झाल्या. मग जमशेटजी जीजीभाई आणि इतर शेटिया मंडळींनी मध्यस्थी केली. तडजोड अशी निघाली, की पकडलेली कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत.

या दंगलीची आठवण ‘पारशांचे कुत्र्यांवरून भांडण’ अशी थोडी चेष्टेने काढली जाते. आम्हाला ती चेष्टेची वाटत नाही. ‘मोकाट’ कोणाला म्हणायचे हे कोण ठरवणार, सरकार की मोहल्ला, असा तो झगडा होता. आणि तडजोडीने तो सुटला नाही. शहराबाहेर सोडलेली कुत्री कोणाच्या तरी गावात गेली असणारच. त्या गावांना कोणी विचारले नाही.

ताबा, कोंडवाडा आणि बिल्ला

पुढच्या काही दशकांत इंग्रजी अमलाने आपल्याला कायद्याची तीन साधने दिली. तिन्ही आजही कोणत्या ना कोणत्या रूपात शिल्लक आहेत.

पहिले म्हणजे १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे कलम २८९. आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाला धोका होऊ नये एवढी काळजी जो घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. येथे शब्द ‘ताबा’ आहे, ‘मालकी’ नाही. कायदा करणाऱ्यांनी विचारपूर्वक तो वापरला असावा, कारण मालकीचा कागद नसला तरी ताबा असू शकतो. तरीही वाडीच्या कुत्र्याचा ताबा कोणाकडे? भाकरी घालणाऱ्या म्हातारीकडे, की पडवीत झोपू देणाऱ्या शेजाऱ्याकडे? ते हजार रुपये १८६० साली फार मोठी रक्कम होती. ती तशीच १६४ वर्षे राहिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम २९१ क्रमांकाने आले, आणि दंडाची मर्यादा पाच हजार झाली.

दुसरे साधन कोंडवाडा. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याने गावोगाव कोंडवाडे आले. दुसऱ्याच्या शेतात शिरलेले गुरू कोंडवाड्यात घालायचे, मालकाने दंड आणि खुराकी भरून ते सोडवायचे. या कायद्यात गुरांची व्याख्या वाचण्यासारखी आहे. हत्ती, उंट, म्हशी, घोडे, खेचरे, गाढवे, डुकरे, मेंढ्या, शेळ्या, सगळे त्यात आहेत. कुत्रा नाही. का नाही, हे मुलांना विचारून पाहावे. ती चटकन सांगतात. कोंडवाड्याची सगळी रचना एका खात्रीवर उभी आहे, की मालक येणार. गुराला किंमत आहे, म्हणून तो येतो. कुत्रा कोंडला तर सोडवायला कोण येईल?

तिसरे साधन बिल्ला. कुत्र्यावर कर बसवायचा, कर भरला की क्रमांकाचा बिल्ला द्यायचा, बिल्ला नसलेले ते भटके. मुंबई महापालिकेच्या कायद्यात ही तरतूद आहे, आणि १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्यानेही नगरपालिकांना कुत्र्यांवर कर बसवण्याचा अधिकार दिला. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने तर जाहीर नोटीस काढून ठरावीक मुदतीत भटकी कुत्री मारण्याचा, किंवा रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला मुसके बांधायला लावण्याचा अधिकार पोलीस आयुक्त आणि जिल्हाधिकाऱ्यांना दिला. मुसके असे हवे, की चावता येणार नाही पण श्वास घेता येईल. महाड शहरात बिल्ला निदान कागदावर तरी कल्पिता येतो. डोंगरातल्या वाडीत तो घ्यायला कोणी पुढे येईल असे आम्हाला वाटत नाही. घेतला, की पुढच्या चाव्याला तोच जबाबदार.

याच साधनांनी इंग्लंडात मात्र काम केले होते. तेथे १८९७ पासून शेतीखात्याचे मंत्री वॉल्टर लाँग यांनी जिल्ह्यामागून जिल्ह्यात मुसक्यांची सक्ती केली आणि परदेशातून येणाऱ्या कुत्र्यांना अलग ठेवण्याचा नियम केला. त्यांच्यावर भयंकर टीका झाली. शिकारी कुत्र्यांना सूट आणि गरिबाच्या कुत्र्याला मुसके, हा काय न्याय, असा एक आक्षेप होता, आणि तो खोटा नव्हता. पण १९०२ साली ब्रिटन रेबीजमुक्त झाले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस रोग पुन्हा शिरला, तोही १९२२ पर्यंत हटवला. लस वापरण्याची गरज पडली नाही. याचे श्रेय पोलिसांच्या कडकपणाला दिले जाते. आमच्या मते त्याहून मोठे कारण हे, की त्या देशात जवळजवळ प्रत्येक कुत्र्यामागे परवाना काढणारा एक माणूस होता. मुसके कुत्र्याला बांधले तरी हुकूम माणसालाच होता.

दासगावहून कसौलीला

चावल्यानंतर काय, याचे उत्तर पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मेस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचून दिले. रेबीजचा विषाणू रक्तातून नव्हे, मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकतो, आणि फार सावकाश सरकतो. लक्षणे दिसायला साधारण एक ते तीन महिने लागतात. चेहऱ्यावर किंवा मानेवर चावा असेल तर त्याहून कमी. या अवधीत शरीराला प्रतिकार शिकवता आला तर माणूस वाचतो. लक्षणे दिसल्यावर जवळजवळ कोणीच वाचत नाही.

भारतातली पहिली पाश्चर संस्था १९०० साली कसौलीला निघाली, सिमल्याच्या वाटेवरच्या डोंगरात. १९०७ साली दक्षिणेत कुन्नूरला दुसरी. आता १९०५ साली महाडजवळच्या एखाद्या वाडीत पिसाळलेला कुत्रा एका मुलाला चावला असे समजू. दासगाव बंदरातून पडावाने सावित्री नदीतून बाणकोट, तिथून आगबोटीने मुंबई, मुंबईहून आगगाडीने कालका, आणि मग चढ चढून कसौली. पावसाळा असेल तर आगबोट बंद. नकाशा घेऊन हा प्रवास मुलांकडून आखून घेण्यासारखा आहे. किती जण तिथवर पोचत असतील, याची कल्पना त्यावरून येते. बाकीच्यांच्या वाट्याला मांत्रिक, चुना आणि मिरचीची पूड.

१९११ साली कसौलीलाच डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून नवी लस तयार केली. ती दूर पाठवता येऊ लागली, आणि इंजेक्शन जिल्ह्याच्या गावापर्यंत आले. ‘पोटात चौदा इंजेक्शने’ ही आपल्या पिढीने ऐकलेली धास्ती ती हीच. तिच्यामुळे क्वचित पक्षाघातही होई. तरीही ती आपल्याकडे २००४-०५ पर्यंत वापरात होती. आताची लस दंडात, त्वचेत, चार खेपांत दिली जाते: पहिल्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल असेल तर तिच्या भोवती तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते. आणि सगळ्याच्या आधी, जागच्या जागी, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुणे. विषाणूचे वेष्टन स्निग्ध असते, साबणाने ते फुटते. हे शाळेतल्या नळावर करता येते.

मारण्याकडून टोचण्याकडे

मुंबई शहराने एकोणिसाव्या शतकात सुरू केलेली कुत्री मारण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालवली. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही अशा मारण्याला क्रूरतेच्या व्याख्येतून वगळले होते. शेवटी १९९४ साली महापालिकेने ती थांबवली आणि नसबंदीचा मार्ग धरला. एवढी वर्षे मारूनही कुत्री का संपली नाहीत? कुत्री वर्षातून दोनदा विऊ शकते, एका वेळी चार-सहा पिले होतात. त्यांतली बहुतेक उपासमारीने मरतात. एका गल्लीतली कुत्री उचलली की तिथला उकिरडा मोकळा होतो, शेजारच्या गल्लीतली येतात आणि त्यांची पिले जगतात. कुत्र्यांची संख्या उकिरडा ठरवतो. (संजय गांधी उद्यानाच्या कडेला ती बिबट्याही ठरवतो. तिथले सुमारे ३५ बिबटे वर्षाला दीड हजार कुत्री खात असावेत आणि त्यामुळे चावेही वाचत असावेत, असा अंदाज २०१८ साली संशोधकांनी मांडला. आपल्या वाडीवाल्यांना तो सांगताना जरा जपून सांगावा.)

२००१ साली केंद्राने नियम केले: भटकी कुत्री पकडून, नसबंदी करून, लस टोचून मूळ जागी सोडायची. गोव्यात आणि महाराष्ट्रात यावरून कोर्टकज्जे झाले. डिसेंबर २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने बहुमताने म्हटले, की उपद्रवी भटकी कुत्री मारण्याचा स्थानिक संस्थांचा अधिकार शिल्लक आहे. जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. मग २०२३ साली नवे नियम आले, आणि त्यांत आमच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट घडली. रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी ‘समुदायाच्या मालकीचा’ असा शब्दप्रयोग कायद्याच्या भाषेत आला. वाडीचे लोक जे कायम सांगत आले होते, ते १८१३ नंतर २१० वर्षांनी नियमांत उतरले. नसबंदी आणि लसीकरण ही जबाबदारी स्थानिक संस्थेची, आणि खेड्यात स्थानिक संस्था म्हणजे पंचायत.

मधल्या काळात मालकांच्या बाजूनेही एक प्रयोग झाला. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर यांसारख्या २३ ‘हिंस्र’ जातींवर बंदी घालण्यास सांगितले. संबंधितांचे म्हणणे ऐकले नाही, या कारणाने कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते रद्द ठरवले. ही कल्पना ब्रिटनच्या १९९१ च्या कायद्यासारखी आहे. त्या कायद्याने चार जातींवर बंधने घातली, २०२३ अखेर आणखी एक जात जोडली. चाव्यांची संख्या त्याने घटली नाही. अमेरिकेत २०२२ साली अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पाहणीत असे दिसले, की कुत्र्याच्या वागणुकीतला फरक जातीवरून जेमतेम नऊ टक्के सांगता येतो. बाकीचा बांधून ठेवणे, उपासमार, वय, शिकवण आणि मालक यांतून येतो. एश्नुन्नाच्या कायद्याने जात विचारली नव्हती, ‘हा कुत्रा’ विचारला होता. आम्हाला ते अधिक शहाणपणाचे वाटते.

२०२५ साली सर्वोच्च न्यायालयात घड्याळाचा लंबक जोरात हलला. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातील सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश; २२ ऑगस्टला मोठ्या पीठाकडून दुरुस्ती, की पिसाळलेली व आक्रमक सोडून बाकीची लस टोचून परत सोडावीत; आणि ७ नोव्हेंबरला देशभरासाठी आदेश, की शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवावीत आणि पुन्हा तिथेच सोडू नयेत, आवाराला कुंपण घालावे. जिल्हा परिषदेच्या वाडीवरच्या शाळेला अनेकदा कुंपण नसते आणि कुत्रा मुलांबरोबरच शाळेत येतो. तो वाडीचा असतो, तसा शाळेचाही असतो.

आता याच कोकणपट्टीच्या दक्षिण टोकाला काय झाले ते पाहा. गोव्यात २०१४ पासून शासन आणि स्वयंसेवी संस्थांनी मिळून गल्लोगल्ली जाऊन, जाळी टाकून किंवा हाताने धरून, दरवर्षी कुत्र्यांना लस टोचली. शास्त्रीय हिशेब असा, की वस्तीतल्या सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस टोचलेली असली तर साथ पसरत नाही. टोचताना मालक कोण हे विचारण्याची गरज नव्हती. असला तर त्याने धरायचे, नसला तर जाळी. जोडीला शाळाशाळांतून मुलांना कुत्र्याशी कसे वागायचे ते शिकवले. २०१८ ते २०२० या वर्षांत गोव्यात रेबीजने माणूस दगावल्याची नोंद झाली नाही, आणि २०२१ साली ते देशातले पहिले ‘रेबीज नियंत्रित’ राज्य जाहीर झाले. देशात मात्र दरवर्षी सुमारे ५७०० माणसे रेबीजने मरतात, असा अलीकडच्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना अंदाज त्याच्या तिप्पट होता. आणि जगभरात या रोगाच्या बळींपैकी चाळीस टक्के पंधरा वर्षांखालची मुले असतात. चेहरा कुत्र्याच्या उंचीवर, आणि चावल्याचे घरी सांगायची भीती.

कुत्री पूर्ण बंद होतील असा कायदा वाडीत चालणार नाही, आणि कोणी मागतही नाही. पंचायतीकडे माणूसबळ तुटपुंजे असते. पण तिला लागणारी एक गोष्ट शाळा सहज देऊ शकते, ती म्हणजे मोजणी. चौथी ते आठवीची मुले दोन दिवसांत वाडीतली सगळी कुत्री नोंदवतात, आणि कोणी सांगितले नाही तरी नावानिशी नोंदवतात. नर की मादी, अंदाजे वय, रात्री कुठे झोपतो, कोण खायला घालते, लस टोचली का, कधी, आणि कोणाला चावला आहे का. पोषण आहाराची उरलेली खिचडी कुठे टाकली जाते, तेही लिहावे. पुष्कळशा नोंदी तिथेच येऊन मिळतील. हा तक्ता ग्रामसभेपुढे आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दिला, तर लसीच्या किती मात्रा मागवायच्या ते कळते. चावऱ्या कुत्र्याची नोंद दोनदा आली तर ज्या घरची तो भाकरी खातो त्या घराला पंचायतीने आधी सांगावे, लेखी सांगावे. तक्त्यात मालकाचा रकाना ठेवायचा की नाही यावर आमच्यातच एकमत झाले नाही. शेवटी आम्ही तो ‘कोणाची भाकरी खातो’ असा ठेवला. तिथे एकाहून अधिक नावे येतात, तेव्हा रकाना थोडा रुंद आखावा.